तीनवर, की तीननंतर?

नारळाच्या दुधाचा डबा माझ्या हातून सटकला, घरंगळत गेला आणि थांबला तो नेमका एका पुरुषाच्या बुटाशी.

मी डब्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

“उचला ना... तुमच्या पायाशीच तर आहे.”

“उचलला असता हो, ताई. पण मग मला कोण उचलणार?” त्याने कमरेवर हात ठेवला.

“ताई कोणाला म्हणता?”

“ताई नाही? अरे वा — मग तर फारच बरं!”

मेला! पण हसू आलं. विनिपेगच्या आमच्या फिलिपिनो दुकानात सगळ्यांच्या बुटांना बर्फाचा चिखल, आणि हा बाबा तो डबा बुटाने हळूहळू ढकलत गल्ल्यापर्यंत नेतोय. मी मागून. कितीतरी दिवसांनी मी खळखळून हसले, आणि कमरेतून अशी कळ आली की शेल्फ धरून उभी राहिले. तो नुसता शेजारी थांबला.

त्याचं नाव एफ्रेन. मांसाच्या कारखान्यात गोठलेली डुकरं वाहताना घसरला होता. त्याच्या कोटाला चोळायच्या तेलाचा वास यायचा... माझ्या उशीला येतो, तोच.

“आणि तुझं काय झालं, लुझवी?” त्याने पुढच्या भेटीत विचारलं.

माझं? मी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उचलायचे. दोघींनी मिळून, तीनपर्यंत मोजून. त्या दिवशी सोबत नवी बाई होती. मी उचललं तीनवर, तिने उचललं तीननंतर. तेवढ्या अर्ध्या श्वासात आजोबांचा सगळा भार माझ्या एकटीच्या कमरेवर आला. आजोबांना मी पडू दिलं नाही हो. पण माझं जे मोडलं, ते मोडलंच.

मग आम्ही मॉलमध्ये चालायला जाऊ लागलो. आज्या तुरुतुरु चालत आम्हाला मागे टाकायच्या.

“बघ, त्या निळ्या टोपीवालीने पुन्हा हरवलं आपल्याला,” मी म्हणायचे.

“जाऊ दे की तिला. मला कुठे घाई आहे?” आणि असा बघायचा... मी उगाच दुकानातल्या चपला न्याहाळायचे.

आणि मग डॉक्टर म्हणाले, याहून बरं होणार नाही. आता हे असंच.

असंच म्हणजे कसं, ते त्यांना काय ठाऊक! सकाळी पायमोज्यांकडे बघून मी रडते. बसलं तरी दुखतं, निजलं तरी दुखतं. माझ्या मरणाचीसुद्धा मला भीती राहिली नाही, भीती वाटते ती उद्या सकाळची. अशा बाईने कोणाच्या गळ्यात पडावं? आणि तेही दुसऱ्या मोडक्याच्या? बुडत्याने बुडत्याला धरलं की दोघंही तळाला जातात. मी ठरवलं, सांगून टाकायचं.

चुलतबहिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. चर्चच्या तळघरात जेवणं झाली, पान्सितच्या शेवयांची ताटं रिकामी झाली आणि सगळे नाचायला उठले. आम्ही दोघं भिंतीशी, ठेंगण्या खुर्च्यांवर.

“काय गं लुझवी, इतकी तरुण आणि बसून काय राहतेस?” मावशी घाम पुसत आली. “आमच्या नाही का कंबरा दुखत?”

“मावशी, तुमची कंबर द्या उसनी,” एफ्रेन म्हणाला, “आम्ही आत्ता नाचतो!”

ती हसत गेली. तो माझ्याकडे वळला. “लुझवी... लग्न करशील माझ्याशी?”

हो म्हणावंसं वाटलं. तरी म्हटलंच, “नको रे. तू पडलास तर मी उचलू शकणार नाही. कोणीतरी धडधाकट बघ. आजपासून भेटायचं नाही आपण.”

“मी आवडत नाही?”

“आवडतोस. फार आवडतोस. म्हणूनच.”

मग त्याने हात पुढे केला. “ठीक आहे. जाऊ. पण या खुर्चीतून एकट्याने उठणं माझ्याने व्हायचं नाही, तुझ्यानेही नाही. शेवटचं एकदा एकत्र उठू. मी मोजतो.”

मी हात धरला. “तीनवर, की तीननंतर?”

“तू उठलीस की मी तीन म्हणेन.”

“असं कुठे असतं?”

“एक,” तो म्हणाला. “दोन...”

आणि थांबला. गाणं संपलं. बायका टेबलं पुसू लागल्या, खुर्च्या मिटू लागल्या. माझी कंबर ठणकत होती, त्याचीही ठणकत असणार, कपाळावर घाम होता. हात मात्र सोडला नाही त्याने.

“एफ्रेन... तीन म्हण ना.”

“तू उठल्याशिवाय नाही.”

मावशी येऊन म्हणाली, “अगं, या दोन खुर्च्या तेवढ्या राहिल्यात.”

“राहू दे, मावशी,” मी म्हटलं. मी उठलेच नाही.