पॉझिटिव्हचं निरूपण

हर्षदबुवांनी पेजेची वाटी बाजूला सारली. कमळावहिनींनी ती पुन्हा पुढे केली.

"पुरे, वहिनी. गाठीचा रिपोर्ट वाचलाय मी. पॉझिटिव्ह. करोनात हाच शब्द आला नि मला गाडीत घालून नेलं, विसरलात?"

"पण भावजी, डॉक्टर ऑपरेशन म्हणतायत..."

"जिभेचा तुकडा काढायचं म्हणतायत. जायचंच तर अख्ख्या जिभेने नाम घेत जाईन. कीर्तनकार मी, मुका कशाला मरू?" मग नेहमीचा बाण सुटला. "मागे उभी राहून गाणारी एक पोर होती घरात. तीही तुम्ही मुंबईला धाडलीत, काचेतून मांस बघायला."

वहिनींनी वाटी झाकून ठेवली. पती गेल्यावर या एकट्या दिरासाठीच त्या मालगुंडात राहिल्या होत्या. लेक बोलावून थकली, पण यांना पथ्याचं कोण करून घालणार? टोमणे ऐकत त्या माउलीनं वर्षानुवर्षं चूल पेटती ठेवली होती.

दुपारी मुंबईहून लेक दर्शना आली. तोंडाच्या कॅन्सरचे नमुने तपासणं हेच तिचं काम. उभ्या उभ्या तिनं रिपोर्ट वाचला, डोळे भरून आले... आणि ती चक्क हसली.

"काका, पॉझिटिव्ह हे ई-कॅडहेरिनबद्दल लिहिलंय. पेशीला पेशी धरून ठेवणारं प्रथिन ते. तुमच्या गाठीत ते शिल्लक आहे."

"समजेल असं निरूपण कर गो."

"देवळात श्रोते मांडीला मांडी लावून बसतात ना, तशा पेशी बसतात. कॅन्सर उग्र झाला की बरेचदा ही पकड सुटते, मग एकेक पेशी उठून मानेतल्या गाठींकडे चालू लागते. तुमच्या बऱ्याचशा अजून बसून आहेत. एवढ्यावरून हमी नाही देता येत, काका. पण मानेच्या तपासणीतही काही दिसलेलं नाही."

"म्हणजे श्रोते उठायच्या आत आटपायचं."

"हो. जीभ थोडी जाईल, बोलणं पुन्हा शिकावं लागेल. मी बसेन तुमच्यासमोर, सारेगम शिकवताना तुम्ही बसायचात तशी."

बुवा भारावून तिच्याकडे बघत राहिले. एवढ्याशा पेशीलाही देवानं धरायला हात दिले, आणि ते बघायची दृष्टी आपल्या घरच्या लेकीला...

"वहिनींनी तुला धाडलं ते बरंच केलं म्हणायचं."

"आईनं कुठे धाडलं? मीच पाय धरले तिचे. तुमचा राग माझ्यावर नको म्हणून तिनं स्वतःवर घेतला."

"दर्शू, गप बस," वहिनी पुटपुटल्या. पण बुवांची मान केव्हाच खाली गेली होती.

संध्याकाळी देवळात बुवांच्या कीर्तनाचा पूर्वरंग संपला. मध्यंतरात बुवांना हार घालायला पंच पुढे झाले, तर बुवांनी हात आडवा धरला.

"आज हार आमच्या वहिनी घालतील."

विधवेनं बुवांना हार घालायचा! सभामंडपात माना वळल्या. पदर सावरत कमळावहिनी आल्या. बुवा हारासाठी वाकले, आणि हार गळ्यात पडताच त्यांनी कपाळ वहिनींच्या पायांवर टेकवलं.

"भावजी, लोक बघतायत..."

"बघू देत. उशिराच झालंय."

मग श्रोत्यांकडे वळून ते म्हणाले, "मंडळी, आज उत्तररंग नाही. आधी ऑपरेशन. राहिलेलं आख्यान परत येऊन लावीन. शब्द बोबडे आले तर सांभाळून घ्या. वहिनी हसल्या तर मात्र चालेल, त्यांचा तेवढा हक्क आहे."