रेडियमचा कौल

ही गोष्ट ऐकीव नाही. १९८५, घाटकोपर, दिवाळीनंतरची संध्याकाळ. मी त्या खोलीत होतो.

त्याच्या आदल्या वर्षी आमची चाळ पाडून चार मजली इमारत झाली. तळमजल्यावर राहायची एकच खोली, एक नंबर. बाकी गाळे. बाबांचं अर्धं अंग लुळं होतं. काठी टेकत, एक पाय फरफटत चालायचे. आम्हाला ती खोली हवी होती.

आई म्हणाली, "गावच्या देवाला कौल लावू."

जयवंतमामा हसला. आईचा सख्खा भाऊ, आमच्याच चाळीतला भाडेकरू, कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काम करायचा. "गुरव कोणाच्या बाजूचा, कोणास ठाऊक. मी मशीन आणतो."

मशीन म्हणजे पत्र्याची पेटी.

"आत जुन्या घड्याळाची रेडियमची तबकडी आहे. तिच्यातून कण सुटला की टक वाजतं आणि फिरता आकडा थांबतो. पुढचा कण कधी सुटेल... क्वांटम आहे ते, ताई. देवालाही सांगता येत नाही."

सगळ्या भाडेकरूंसमोर पेटीवर खोल्यांचे नंबर काढले. मामाला एक नंबर लागला. आम्हाला चौथा मजला.

"कौल तो कौल," आई म्हणाली. पेटी मागून घेतली, देव्हाऱ्याशेजारी ठेवली. रोज हळद-कुंकू.

बाबा खाली उतरले ते एकदाच. चौघांच्या खांद्यावरून.

तेराव्यानंतर, त्या दिवाळीनंतरच्या संध्याकाळी, मामा पेटी परत मागायला वर आला. आई दिवा लावत होती.

टक...

"सेल काढलेस ना रे?" आईने मला विचारलं.

केव्हाच काढले होते.

टक... मग फरफट. पत्र्यावरून काहीतरी ओढल्यासारखी.

काचेत लाल आकडा उजळला.

एक.

मामा भिंतीला टेकला. "ती वाजूच शकत नाही, ताई. आत काहीच नाहीये."

"काहीच नाही म्हणजे? तबकडी?"

मी स्क्रू काढले. तबकडीची जागा रिकामी. तिथे कधी डिंकसुद्धा लागला नव्हता.

"मग त्या दिवशी काय वाजत होतं, जयवंता?"

"टेबलाखाली बटण होतं. आकडे मी आधीच बसवले होते."

आई ओरडली नाही.

"मी तिला कुंकू लावत होते रे," एवढंच म्हणाली.

मामा मानखुर्दला राहायला गेला. खोली आम्हाला दिली. पेटी आम्ही भंगारात टाकली.

आवाज गेला नाही.

आता तो जिन्यात असतो. दिवेलागणीला, वरून खाली येणारा. टक... फरफट... मग थांबतो. तळमजल्यापर्यंत अजून पोचलेला नाही.

आई दार उघडं ठेवून बसते. मीही कान देऊन असतो. दोन टकांमधलं अंतर कधीच सारखं नसतं.

पुढचं टक कधी येईल...

ते मात्र खरंच सांगता येत नाही.