पूर्व काठावरचा विस्तव

गॉर्मलाच्या घरातला विस्तव पहिल्यांदा कुणी पेटवला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचा नवरा फिआक्रा याच्या आजोबांच्याही आधीपासून तो जळत होता. संध्याकाळी निखारे राखेखाली झाकायचे, वरून राख हाताने सपाट करायची, सकाळी उकरून फुंकर घालायची. राख सपाट करण्याचं काम त्यांच्या मुलीचं, लासरचं होतं. सात वर्षांची पोर, पण त्या राखेवर कुणाचा पाय पडला तर घर डोक्यावर घ्यायची. सकाळी आईने येऊन, वाकून बघून, "आज छान झालीय हं," म्हटलं की मगच तिला खाणं गोड लागायचं.

ईस्टरच्या आधी लासर तापाने गेली. विस्तव मात्र जळत राहिला.

ते १६५४ साल होतं. शॅनन नदीच्या पूर्वेकडची सगळी जमीन जिंकणाऱ्या शिपायांना वाटली गेली होती. इथल्या लोकांनी एक मेपर्यंत नदी ओलांडून पश्चिमेला, कॉनाख्ट प्रांतात निघून जायचं. जो मागे सापडेल त्याला फास. फिआक्राच्या गाडीचा आस नेमका निघायच्या वेळी मोडला आणि तो दुरुस्त होईपर्यंत एक मेची सकाळ उजाडली.

एक मेला घरातला विस्तव कुणी बाहेर द्यायचा नाही, अशी तिथली जुनी रीत. शेजाऱ्याने मागितला तरी नाही.

"आज निखारा उंबऱ्याबाहेर काढू नकोस, पोरी," सासू डर्विला म्हणाली. "त्याच्यामागे घरातलं काय काय बाहेर पडतं, ते आपल्या हातात नसतं."

"घरात आता राहिलंय काय, सासूबाई?"

"गारगोटीने नवा पेटवू," फिआक्रा म्हणाला. "तिकडची आग काय कमी भाजते?"

दोघं घोडी जुंपत असताना गॉर्मलाने लोखंडी भांड्यात निखारे भरले, झाकण घातलं आणि भांडं गोधड्यांच्या आड ठेवलं. पोरीला कबरस्तानात सोडून निघायचंच होतं. हेही सोडायची तिची तयारी नव्हती.

पहिल्या मुक्कामाला कुंपणाच्या आडोशाला त्यांनी ओटची पेज शिजवली. विस्तव पाहून फिआक्राने बायकोकडे पाहिलं. झोपण्याआधी तिने सवयीने राख सपाट केली. सकाळी राखेच्या कडेला एक पाऊल उमटलेलं होतं. लहान, डावं, चार बोटांचं. लासरच्या डाव्या पायाची करंगळी एका हिवाळ्यात गारठून गळून पडली होती.

"असेल कुणाचं तरी पोर," फिआक्रा म्हणाला. "या वाटेवर पोरांना काय तोटा!" तरी तो उगाचच गाडीभोवती एक फेरी मारून आला.

दुसऱ्या सकाळी पावलं दोन होती, चिखलाची. दवाने भिजलेल्या गवतात एक बारीक वाट दबली होती. ती त्यांच्या गावाच्या दिशेने मागे मागे जात होती.

तेव्हा गॉर्मलाला कळलं. पोर विस्तवामागे चालत येत होती. अनवाणी. आणि आपण गाडीत बसलोय.

"घोडीला जरा हळू चालू द्या," ती म्हणाली.

"मागे शिपाई आहेत, गॉर्मला."

"मागे लासरही आहे."

फिआक्राने लगाम जरा खेचून धरला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

शॅननच्या काठावर नाव तयार होती. डर्विलाने सुनेच्या हातातलं भांडं पाहिलं. "गेलेल्या माणसाला वाहतं पाणी ओलांडता येत नाही. हे पलीकडे नेलंस तर ती इथे अंधारात उभी राहील."

"मग मी राहते इथेच."

"राहा," फिआक्रा म्हणाला. "मीही राहतो, आईही राहील. तिघांना एकाच झाडाला टांगतील."

मागच्या टेकडीवर घोडेस्वार दिसायला लागले होते.

गॉर्मलाने एका पडक्या भिंतीआड निखारे ओतले. गाडीतलं होतं नव्हतं तेवढं सरपण त्यावर रचलं. राख पसरून सपाट केली.

"लासर, इथे बस," ती मोठ्याने म्हणाली. "मी सरपण घेऊन येते."

पोरीशी ती आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलली. नाव मध्यावर जाईपर्यंत तिने मागे पाहिलं नाही.

त्यांच्या वाट्याला डोंगरावरची दगडाळ जमीन आली. तिथून नदी दिसायची. सरपण फार तर एका रात्रीचं होतं. पण रोज संध्याकाळी पलीकडच्या काठावर एक ठिपका लाल व्हायचा. धो धो पावसातही. फिआक्रा त्या बाजूला पाठ करून बसायचा.

पानगळीच्या दिवसांत उशिरा हाकलल्या गेलेल्या लोकांतली एक बाई दारात आली. गॉर्मलाने तिला दूध दिलं.

"नदीपलीकडे शेकायला मिळालं म्हणून वाचलो बाई," ती म्हणाली. "भिंतीआड एक पोर एकटीच विस्तव राखत बसलीय. म्हटलं, चल आमच्याबरोबर. तर म्हणे, आई सरपण आणायला गेलीय."

डर्विलाने छातीवर क्रूसाची खूण केली.

"आणखी काही म्हणाली?" गॉर्मलाने विचारलं.

"काही नाही. निघताना एवढंच म्हणाली, राखेवर पाय देऊ नका. आई सकाळी बघते."