वेताची खुर्ची आणि घरचा टॅब

टॅबला पासवर्ड ठेवायचा नाही, आणि का ते विचारायचं नाही. हा आमच्या घरातला नियम. माणसं चार, टॅब एक, मेलचा पत्ताही एकच. त्यामुळे माझ्या प्रबंधाच्या पानांत काकांच्या पेशंटच्या किडक्या दाढा, आईचे विणकामाचे व्हिडिओ, बाबांचे अर्धवट सोडलेले बुद्धिबळाचे डाव.

"घरात कुणापासून काय लपवायचंय?" काका विचारायचे. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणारा माणूस, दुसरं काय म्हणणार!

तेही चालवून घेतलं. पण माझ्या दोन नोकऱ्या गेल्या. दोन्ही पाणी तपासायच्या प्रयोगशाळांमधल्या, दूरच्या शहरांत. मी होकार कळवायच्या आधीच तिकडून उत्तर आलं, 'आपला नकार मिळाला.' पाठवलेल्या मेलमध्ये दोन्ही वेळा एकच ओळ होती : घरच्या अडचणीमुळे येऊ शकत नाही. मी घर डोक्यावर घेतलं. तिघंही शपथेवर म्हणाले, आम्ही नाही. त्या दोन्ही दिवशी टॅबची काच चिकट होती आणि तिला जुन्या पाकिटांच्या डिंकाचा वास येत होता.

मग तिसरं बोलावणं आलं. मुदत मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत. होकारासोबत आत्ताच्या कामाचा दाखला जोडायचा होता. त्या दिवशी सकाळी मी गुपचूप पासवर्ड घातला. चुकीचा पासवर्ड पडला की टॅब समोरच्याचा फोटो काढील, अशीही सोय केली आणि दाखला आणायला गेले.

चार वाजता परतले. खोलीभर लख्ख ऊन होतं, हे मुद्दाम सांगते. टॅब वेताच्या खुर्चीवर पडला होता. काच चिकट. आत अकरा फोटो.

मांडीवर टॅब घेऊन बसलं की येतो तसा कोन. जिथे चेहरा दिसायला हवा, तिथे खुर्चीची रिकामी पाठ. तिच्यामागे आई, बाबा, काका ओळीने उभे. तिघांची नजर खाली. खुर्चीत बसलेल्या कुणाच्या तरी डोक्यावर.

"कोण बसलंय इथे?" मी फोटो त्यांच्यापुढे धरला.

"आधी तो पासवर्ड काढ, बाळा..." आई कुजबुजली.

"कोण बसलंय?"

बाबांनी काकांकडे पाहिलं. "तुझी आत्या..."

आत्या माझ्या जन्माआधी गेली. आजारी होती, एवढंच मला सांगितलं होतं.

"तिला बाहेरगावी शिक्षिकेची नोकरी लागली होती," बाबा म्हणाले. "घर कुणी बघायचं? आम्ही दोघांनी तिला याच खुर्चीत बसवलं. नकार लिहून घेतला. पाकीटही तिच्याकडूनच चिकटवून घेतलं. त्यानंतर ती उठलीच नाही... अन्न सोडलं."

"घरातून कुठलंही पत्र बाहेर जाणार असलं की ते आधी तिच्या हातात द्यावं लागतं," काका म्हणाले. "दिलं की शांत बसते. नाही दिलं तर..."

"आणि माझ्या नावाने नकार लिहिते!"

"तेवढंच लिहायला लावलं होतं आम्ही तिला."

"आई, तुला माहीत होतं?"

"लग्न होऊन आले त्या दिवशीच सांगितलं मला. विचारू नकोस म्हणाले."

"आणि तू विचारलं नाहीस!" मी तिघांकडे वळले. "तिचा होकार तुम्ही गिळलात, आणि भरपाई माझ्या होकाराने करताय? दोन वेळा! पापं तुमची, आणि फेडायची मी?"

"हळू बोल... ऐकते ती."

"ऐकू दे!"

मागे खुर्चीपाशी काहीतरी फरफटलं. आईने माझा हात धरला. "काढ ना गं. पाच वाजेपर्यंतच..."

मी हात सोडवून घेतला आणि हट्टाने जाऊन त्याच खुर्चीत बसले. दाखला जोडला. होकार लिहिला. पाठवला.

"पासवर्ड काढणार नाही," मी म्हटलं. "आज नाही, उद्या नाही. तिला नकार तुम्ही लिहायला लावलात. हा नकार माझा आहे, आणि तो तुम्हाला आहे."

तोंडात बोळे कोंबलेल्या पेशंटशीही गप्पा मारणारे काका भिंतीला टेकले. मला वाटलं, जिंकले.

मग त्यांच्या नजरा पाहिल्या. फोटोतल्यासारख्याच, एका जागी खिळलेल्या. पण माझ्यावर नाही. माझ्या डोक्याच्या वीतभर वर.

डिंकाचा वास कानाजवळ आला. आणि तेव्हा लक्षात आलं, या खुर्चीत बसलं की नेहमी पाठीला वेत टोचतो.

टोचत नव्हता.