वेशीबाहेर पुरलेला ठोकळा

"ठोकळा आमच्याकडे नाही," रजिस्टरमधून मान वर न करता तो म्हणाला.

"मग काय, उंदरांनी खाल्ला?"

तेव्हा त्याने मान वर केली... आणि हसला. असा राग आला मला! माझे वडील, आप्पा, मुंबईत चुलत भावाच्या खोलीत खाटेला खिळलेले, आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत गेलेला, आणि महाडच्या लॅबमधला हा सुहास – नाव खिशावर होतं – गालाला खळी पाडून हसतोय. मी एसटीतून भिजत आलेली, ओढणी ठिबकतेय... पण खळी दिसली, हे खोटं कशाला सांगू?

मग त्याला सगळं सांगितलं. वर्षापूर्वी आप्पांचं ऑपरेशन महाडलाच झालं होतं. काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, तो हा ठोकळा. मुंबईच्या डॉक्टरांना त्यातल्या पेशींची जनुकं तपासायची होती. पेशींतल्या चुका दुरुस्त करणारी जनुकं बिघडलेली निघाली, तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणाऱ्या औषधाचा, गुण येण्याची चांगली आशा. नाहीतर ते औषध डॉक्टर देणारच नव्हते. असा बिघाड घराण्यातून आलेलाही असू शकतो, असंही ते म्हणाले होते. नव्याने तुकडा काढून घेण्याइतकं त्राण आप्पांच्यात उरलं नव्हतं.

सुहासने मागची पानं उलटली. ठोकळा नेल्याची सही होती आमच्या चंद्रभागाकाकीची; ऑपरेशनच्या वेळी आप्पांसोबत तीच होती.

त्याचं हसू मावळलं. "मीच दिला होता त्यांना. 'तुमच्या पेशंटचं आहे, घेऊन जा,' एवढंच म्हणालो. जपून ठेवा, हे सांगायला हवं होतं... चुकलं माझं."

"चुकलं म्हणून भागत नाही."

"नाहीच भागत. उद्या सुट्टी आहे. शोधायला येतो."

आणि खरंच आला की! धुक्यातून बाईक हाकत, वर कुडपणला, आमच्या दारात. काकी पडवीत तांदूळ निवडत होती. ठोकळा म्हटल्यावर तिचे हात थांबले.

"रोगाचा तुकडा घरात ठेवतात काय गो, साक्षी? नारळ-भात ठेवून वेशीभायेर पुरलाय मी. उकरलास तर रोग परत घरात येल."

"रोग गेलाय कुठं, काकी? आप्पांच्या अंगातच हाय."

काकीने आवाज खाली आणला. "आन् डॉक्टर म्हनला तसं, घराण्यातलं काय निघालं तर? तुला कोन करून घेल?"

"नाय घेतलं तर नाय! बाप एकच हाय मला."

मी कुदळ उचलली. काकी जागा सांगेना, म्हणून वेशीवर दिसेल तिथे खणत सुटले. सुहासही बाह्या सरसावून लागला. बिचाऱ्याच्या हाताला फोड आले.

"तुम्ही चिडलात की..." तो दम खात म्हणाला.

"की काय?"

"...काही नाही. कुदळ तुमच्या हातात आहे."

चौथ्या खड्ड्याला मागून काकीचाच आवाज आला. "तिथं नाय, मेल्यांनो! त्या जांभळीखाली." आणि पदराने डोळे पुसत ती माघारी गेली. सुहासने मातीतून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. आत ठोकळा, जसाच्या तसा. मला तिथेच रडू फुटलं.

ठोकळा मुंबईला पाठवला आणि सुरू झालं वाट पाहणं. रोज सुहासला फोन – रिपोर्टसाठी म्हणून – आणि रिपोर्टचं बोलून झाल्यावरही अर्धा तास. तुम्हीचं तू कधी झालं, कळलंही नाही. देवापुढे मात्र मी बिघाड मागत होते. तोच बिघाड माझ्या रक्तात असू शकतो, हे माहीत असून मागत होते.

बिघाड निघाला. औषध सुरू झालं. तिसऱ्या डोसनंतर आप्पांनी फोनवर मला भाकरी करपवण्यावरून चिडवलं, तेव्हा वाटलं, जिंकलो. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात नाचू नका. पण गाठी लहान होतायत. आणि हो, तूही रक्त तपासून घे.

"रविवारी पोलादपूरचं स्थळ येतंय," काकी म्हणाली. "तोंड बंद ठेव."

मी पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि तोंड उघडलं. "आप्पांचा आजार घराण्यातला असू शकतो. मी तपासणी करतेय, हे आधीच सांगते." पाहुण्यांनी चहासुद्धा संपवला नाही.

सोमवारी महाडला लॅबच्या खुर्चीत मी हात पुढे केला. सुहासने दंडाला पट्टा बांधला. शीर सापडली, तरी बोट तिथेच...

"साक्षी, लग्न करशील माझ्याशी?"

"दया आली असेल तर नको."

"तुझी दया? मला अजून तुझी भीती वाटते."

"मग रिपोर्ट येऊ दे. मग विचार."

"नाही. मग विचारलं तर रिपोर्टला विचारल्यासारखं होईल. मी तुला विचारतोय. आत्ता."

"रक्तात बिघाड निघाला तर?"

"तर दरवर्षी तपासण्या. मी सोबत येईन, तू डॉक्टरांशी भांड."

बाहेर बाकावर काकी बसली होती. तिला ऐकू जावं, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जावं, अशा आवाजात मी म्हणाले,

"हो! करीन लग्न. आता टोच."