उरलेली काडी

"मग काड्याच काढू या! म्हणजे कुणी कुणाला बोल लावायला नको..." भाऊ म्हणाला, आणि ताईच्या हातातला पेला असा हिंदकळला की निम्मं पाणी त्याच्या लेकीच्या गणिताच्या पुस्तकावर सांडलं.

"हल्ली सारखा थरथरतो हात तिचा," धाकटी बहीण छोटी म्हणाली, ताई जणू खोलीत नव्हतीच!

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ताईला आता एकटं ठेवायचं नाही. कंप वाढत जाणार, मग पाय जाणार, पुढे घासही भरवावा लागणार. तिला न्यायचं कुणी? भाऊचं घर दोन खोल्यांचं, आणि छोटीच्या घरी सासूबाई आधीच अंथरुणाला खिळलेल्या. दोघांच्याही अडचणी खऱ्या होत्या. खोट्या असत्या तर ताईला निदान रागावता तरी आलं असतं!

"काड्या ताईनंच धरायच्या, आखूड निघेल त्यानं तिला न्यायचं," भाऊ म्हणाला. "मागच्या वेळीही तिनंच धरल्या होत्या. तिच्याइतकं चोख माणूस शोधून सापडायचं नाही."

मागच्या वेळी... ताईला सगळं आठवलं. तेव्हा आई नुकतीच गेली होती, बाबा अर्धांगानं आडवे झाले होते, आणि तिघांपैकी एकानं शिक्षण सोडून त्यांच्यापाशी राहणं भाग होतं. ताईला दूरच्या शहरात गणित शिकायला प्रवेश मिळाला होता, निळी बॅगसुद्धा भरून तयार होती. काड्यापेटी भाऊनंच आणली. एक काडी मोडायची म्हणून ताई पाठमोरी झाली, वळून तिनं मूठ पुढे केली आणि म्हणाली, "तुम्ही आधी घ्या, उरलेली माझी." भाऊनं ओढली ती अख्खी. छोटीनं ओढली तीही अख्खी. दुसरं होणार काय, तिन्ही काड्या अख्ख्याच होत्या! तेवढ्यात बाबांना खोकल्याची उबळ आली, आणि त्या आवाजाआड ताईनं मुठीतल्या मुठीत आपली काडी अंगठ्यानं मोडली.

"नशीब तुझं, ताई," भाऊ तेव्हा म्हणाला होता. त्या नशिबानं तिच्या ओंजळीत टाकलं तरी काय? बाबांचे शिव्याशाप, त्यांची शुश्रूषा, खाटेच्या पायथ्याशी चालवलेली शाळकरी मुलांची शिकवणी... बाबा सुटले तोवर तिचे केस पांढरे झाले होते. एवढं होऊनही कुणी विषय काढलाच, तर भाऊ हात झटकून म्हणायचा, "आम्ही कुठं लादलं तिच्यावर? रीतसर काड्या काढल्या होत्या!" तो घोट तिनं दर वेळी मुकाट्यानं गिळला होता.

"आत्या," भाऊची लेक ओलं पान पुसत म्हणाली. चार दिवस ती आत्याकडे मांडणीचा, म्हणजे वस्तू किती प्रकारांनी लावता येतात त्याचा, धडा शिकत होती. "एक अख्खी काडी, एक आखूड, दोघांना एकेक. म्हणजे प्रकार दोनच ना?"

"दोनच. आखूड तुझ्या बाबाला, नाहीतर छोटीला."

"आणि दोन्ही अख्ख्या असल्या तर?"

"सारख्या वस्तूंची अदलाबदल केली तरी मांडणी तीच राहते, बाळा. मग प्रकार एकच," ताई म्हणाली, आणि लगबगीनं स्वयंपाकघरात गेली.

ओट्यापाशी उभं राहून तिनं काड्यापेटीतून काड्या काढल्या. आज मुठीत काडी मोडणं तिच्या बोटांना जमणार नव्हतं... आणि आवाज झाकायला खोकणारं कुणी घरात उरलं नव्हतं! जे मोडायचं ते तिनं तिथंच मोडलं, आणि पदरानं डोळे टिपून बाहेर आली.

भाऊनं काडी ओढली. अख्खी! छोटीनं डोळे मिटून ओढली. तीही अख्खी! दोघांनीही एकदमच सुटकेचा निःश्वास टाकला.

"छोटी, बघ हं, आता तुझ्याकडे..." भाऊ म्हणाला.

"माझ्याकडे काय? ही बघ की माझी!"

"असं कसं?" पोर गोंधळली. "प्रकार दोनच होते ना, आत्या? दोघांनाही अख्खी कशी लागेल? तुझ्या मुठीत अजून आहे एक!"

ताईनं मूठ घट्ट आवळली, पण त्या वैरी हातानं दगा दिला. बोटं थरथरली, आणि तिसरी, आखूड काडी फरशीवर पडली.

"वृद्धाश्रमात विचारून ठेवलंय मी," ताई खाली बघत म्हणाली. "तुम्ही नका जीव जाळू. उरलेली माझी..."

त्या दोन शब्दांनी भाऊचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताई... तेव्हाही?"

छोटीनं तोंडावर हात दाबला. "बाबा खोकले होते तेव्हा... होय ना गं ताई?"

"अगं, पण का? एका शब्दानं बोलली का नाहीस?" भाऊ तिच्या पायांशी कोसळला.

"बोलले असते तर तू थांबला असतास?"

खोटं बोलायला त्याचे ओठ हलले... पण ते खोटं त्यानं गिळलं.

"नसतो थांबलो," तो हुंदका देत म्हणाला. "गेलोच असतो गं, ताई!"

तेव्हा कुठं ताईला रडू कोसळलं. इतक्या वर्षांत तिला कुणी खरं असं सांगितलंच नव्हतं!

"सगळं तेच होतं रे," ती स्फुंदत म्हणाली. "माणसं तीच, घर तेच. पण मांडणीत क्रमाला फार किंमत असते. माझ्या वाट्याचं सगळं शेवटी ठेवलं मी... आणि आता त्याला हात लावावा तर हातच राहिला नाही."

भाऊनं आपल्या हातातल्या अख्ख्या काडीकडे पाहिलं आणि ती कटकन मोडली. छोटीनंही आपली मोडली. गेलेलं काही त्यानं परत येणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"आत्या, आता तिन्ही सारख्या, एकच प्रकार," पोर हळूच म्हणाली.

दाराआड आश्रमासाठी भरलेली बॅग उभी होती. तीच निळी बॅग, रंग पार उडालेली. भाऊनं ती उचलली, दुसरा हात ताईच्या काखेत घातला आणि म्हणाला, "चल, घरी जाऊ."