पुरचुंडीतली माती

संस्थान विलीन होऊन चार वर्षं झाली, तरी पासलीच्या वरच्या धनगरवाड्यावर सरकार म्हणून पोचायची ती एकटी नर्स कमळाबाई. बाळंतीण बघायची, नाळ तपासायची, घोटभर चहा घ्यायचा आणि दिवस मावळायच्या आत वेल्ह्याला परतायचं, एवढ्याच बेताने ती त्या दुपारी बिरू धनगराच्या गवताने शाकारलेल्या झापात शिरली.

बाहेर दाट धुकं, आत धूर आणि ओल्या घोंगड्यांचा वास. तीन दिवसांचं पोर जमिनीवर गोधडीत निजलं होतं. त्याच्या आईने, बनाबाईने, पदर पुढे केला. त्यावर हिरवंगार ओकलेलं होतं. कमळाबाई चटकन खाली बसली.

"काळी शी झाली का गं?"

"अजून न्हाई, बाई."

पोट टम्म फुगलेलं. चुलीत सुई तापत होती आणि बिरूची आई अंबूबाई पोटाला डाग द्यायच्या तयारीत बसली होती. कमळाबाईने तिचा हात धरला आणि पोटाला स्टेथोस्कोप लावला. धडधाकट पोटात सारखी गुरगुर चालू असते. इथे काहीच नव्हतं. स्टेथोस्कोपची चकती ती इकडेतिकडे सरकवत राहिली, आणि चकती घसरून सारवलेल्या जमिनीला टेकली.

खालून रडणं ऐकू आलं. तान्ह्याचं, बारीक, दमलेलं...

तिने कानातून नळ्या ओढून काढल्या. पोर तर गप्प होतं.

"इथे... खाली काय आहे?"

"ह्याची भावंडं," अंबूबाई हळूच म्हणाली. "तिघंबी अशीच हिरवं ओकून गेली. घरातच ठेवली म्या. भाईर कोल्ही उकरत्यात..."

कमळाबाईला तिथून पळत सुटावंसं वाटलं. पण पोराच्या कपाळाला पडलेल्या आठ्या तिला सोडेनात.

"आतडं अडलंय याचं. पुण्याला नेऊन पोट उघडलं तरच जगेल. आता अंगावर पाजू नका." नाकातून बारीक रबरी नळी घालून तिने हिरवं पाणी ओढून काढलं.

"पाचवी पुजल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई," अंबूबाई म्हणाली.

दारातून बिरूचा आवाज आला. "आये, चौथंबी हितंच पुरायचं का?"

म्हातारीने सुई चुलीतून बाजूला काढली. मग तिने कोपऱ्यातली माती नखाने उकरली, चिंधीत बांधली आणि ती पुरचुंडी पोराच्या कमरेला अडकवली. "मंग ह्यांनाबी न्या. एकटा न्हाई जायाचा त्यो."

वाद घालायला वेळ नव्हता. वेल्ह्यापर्यंत बिरूच्या घोंगडीत आणि पुढे सरकारी जीपमध्ये पोर गेलं. वाटेत ते कमळाबाईच्या मांडीवर जड होत गेलं. तिने सारखी मांडी बदलली, पण पाय भरून यायचे थांबेनात.

पुण्यात डॉक्टरांनी आतड्याचा पीळ सोडवला. टेबलावर घेण्याआधी चिंधी कमळाबाईनेच कापली होती. गाठ पक्की होती. आत मातीचा कणही नव्हता.

पोर वाचलं. पाऊस सरल्यावर ती पुन्हा झापावर गेली. शिरल्या शिरल्या तिने आधी जमिनीला चकती टेकवली. शांत होतं सगळं. तिला हायसं वाटलं.

"लई गुणाचा हाय," बनाबाई कौतुकाने म्हणाली. "कदीच रडत न्हाई बगा."

कमळाबाई हसली आणि तिने चकती त्या गुटगुटीत पोटावर, व्रणाच्या शेजारी ठेवली. ऐकता ऐकता तिचं हसू मावळलं. पोर तोंड मिटून तिच्याकडे बघत होतं.

तिने कानातून नळ्या काढल्या. अंबूबाई जवळ सरकली, आणि सुनेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"बाई... तिघंबी सुखरूप हायती न्हवं?"